अर्धी दाढ

मोरीतलं पाणी लालसर होतं. दुपारी दीडच्या सुमारास मी दवाखान्यातून जेवायला घरी आले, हातपाय धुवायला मोरीत गेले, तर फरशीच्या कोपऱ्यात तांबूस पाणी साचलेलं आणि बादलीच्या कडेला बोट पुसल्याचा डाग. आधी वाटलं, आप्पांनी कुठल्या तरी दाराला रंग दिला असेल आणि ब्रश इथंच धुतला असेल. मग वास आला. रक्ताचा वास मला कळतो. दोशी मॅडमच्या दातांच्या दवाखान्यात मी तेव्हा सहा वर्षं कामाला होते.

"आप्पा, कुठं लागलंय का?" मी मोरीतूनच विचारलं.

 बाहेर येऊन बघितलं तर आप्पा पडवीतल्या बाजेवर रस्त्याकडं तोंड करून बसलेले. उजव्या गालावर टॉवेल दाबलेला. मला बघून त्यांनी मोकळा हात हलवला. काही नाही, जा, असा त्याचा अर्थ.

आप्पा म्हणजे माझे सासरे, केरबा सुतार. वडुजात जुन्या लोकांच्या घराच्या चौकटी बघितल्या तर निम्म्या त्यांच्या हातच्या निघतील. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. माझे यजमान दिगंबर रांजणगावला कंपनीत होते, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचे. त्यामुळं घरात आम्ही तिघंच: आप्पा, मी आणि दुसरीत जाणारी आमची ईश्वरी. दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या छातीत दुखलं होतं, साताऱ्याला नेऊन स्प्रिंग बसवली होती, आणि तेव्हापासून रक्त पातळ व्हायची गोळी रोज सकाळी मीच त्यांच्या हातावर ठेवत होते.

घराला लागूनच आप्पांची पत्र्याची शेड होती. मी तिथं गेले. कामाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर धुतलेली पकड वाळत ठेवलेली. शेजारी ईश्वरीचा छोटा गोल आरसा खिळ्याला टेकवून उभा केलेला.

मी परत पडवीत आले.

"दाढ काढली?"

त्यांनी मान हलवली.

"पकडीनं?"

पुन्हा मान.

"आप्पा, मी दातांच्या दवाखान्यात काम करते."

ते रस्त्याकडं बघत राहिले. हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा बोलले असेन याचा हिशेब नाही. त्यांना बोलले, दिगंबरना बोलले, शेजाऱ्यांना बोलले, आणि साताऱ्याच्या दवाखान्याच्या दारावरच्या वॉचमनला तर त्यानं काही विचारलं नसताना बोलले.

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. कुठली दाढ, रक्ताची गोळी चालू आहे का, आणि रक्त कधीपासून येतंय. मी म्हटलं, खालची, उजवीकडची, शेवटची वाटतेय. गोळी आज सकाळीच दिलीय. अकरापासून येत असावं. मॅडम म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता घेऊन ये.

आप्पा बाजेवरून हलेनात. रक्त थांबलंय, असं त्यांनी हातानं सांगितलं आणि लगेच वाकून बाजेखालच्या रंगाच्या रिकाम्या डब्यात थुंकले. माझ्या पिशवीत गॉज असायचा. मी घडी करून दिली आणि सांगितलं, यावर दात दाबून अर्धा तास बोलायचं नाही, थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, माझ्याकडं पाठ केली, आणि भिंतीकडं तोंड करून स्वतःच आत बसवली. मी म्हटलं, मला बघू द्या, नीट बसलीय का. ते वळलेच नाहीत.

दिगंबरना फोन केला. ते म्हणाले, तू समजाव ना, तुझ्या तर रोजच्या कामातलं आहे. मी म्हटलं, तुमचे वडील आहेत, तुम्ही बोला. त्यांनी आप्पांना फोन केला. आप्पांनी फोन कानाला लावला, दोन वेळा हं हं केलं आणि ठेवला. लगेच मला दिगंबरचा फोन.

"ते म्हणतायत बरं आहे."

"ते काहीच म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडात कापूस आहे."

तीन वाजता म्हसवडहून एक बाई यायच्या होत्या, मला परत जावं लागलं. दुपारभर मी मॅडमच्या शेजारी नळी धरून उभी होते आणि डोक्यात डबा, पकड आणि आरसा फिरत होता. आमच्याकडं रोज एखादा तरी असा यायचा. कुणी दोऱ्यानं ओढलेला, कुणी कापूर कोंबलेला, कुणी तंबाखूनं हिरडी भाजून घेतलेला. मी त्यांना रागावून बोलायचे. मॅडम म्हणायच्या, वैजयंता, तू पेशंटला घाबरवतेस. पण मला खरंच कळायचं नाही की माणूस स्वतःच्या तोंडात पकड घालायला धजतो आणि आमच्या दारात यायला धजत नाही.

संध्याकाळी घरी आले तर रक्त थांबलेलं होतं आणि आप्पा खुशीत होते. ईश्वरीला जवळ घेऊन कागदाच्या पुडीतली दाढ दाखवत होते. उंदराला दे, म्हणत होती ती. मी पुडी मागून घेतली आणि दिव्याखाली धरली. वरचा भाग तेवढा होता, किडलेला, काळा. खाली मुळं असायला हवी होती तिथं तुटकी, धारदार कड.

"ही अर्धीच आहे, आप्पा. मुळं आत राहिली."

"निघतील हळूहळू," आप्पा जड जिभेनं म्हणाले. "खिळ्याचं डोकं तुटलं म्हणून चौकट काय पडत न्हाय."

मी म्हटलं, चौकटीत पू होत नाही. तुमच्या हिरडीत आधीच पू असणार, म्हणून तर दुखत होती. आता तुम्ही त्याला वाट करून दिलीत आणि मुळं आत ठेवलीत. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला, मॅडम दहा मिनिटांत काढतील, इंजेक्शन देऊन, कळणारसुद्धा नाही.

"तुझं आपलं कायतरीच," म्हणाले आणि दुधात भाकरी कुस्करायला लागले.

शुक्रवारी सकाळी गाल सुजला होता. मॅडमनी आदल्या दिवशीच गोळ्या लिहून दिल्या होत्या. मी नाश्त्यानंतर एक दिली, बाकीची पट्टी त्यांच्या उशाशी ठेवली, दुपारी आणि संध्याकाळी घ्या म्हणून दोनदा बजावलं. अकरा वाजता मॅडमकडून तासभर सुट्टी घेतली, रिक्षा ठरवली आणि दारात आणून उभी केली. आप्पा घरात नव्हते. सायकलही नव्हती. शेजारच्या बागवानभाभी म्हणाल्या, हत्यारांची पिशवी अडकवून आत्ताच गेले, कुणाचं तरी दार बसवायचं होतं म्हणाले. तसल्या गालानं, सायकलवरून, दार बसवायला.

रिक्षावाला दहा मिनिटं थांबला आणि गेला. मी चालत निघाले. ज्यांचं दार होतं त्यांच्या घरी पोचले तर ते म्हणाले, आताच गेले की, बिजागरी आणायला. बिजागरीच्या दुकानात गेले तर तिथं आलेच नव्हते. त्या दिवशी मी वडूजच्या निम्म्या गल्ल्या पायाखाली घातल्या. बारा वाजता परत दवाखान्यात जाऊन उभी राहिले तेव्हा ब्लाऊज घामानं भिजला होता आणि बाकावर सात माणसं माझी वाट बघत होती.

संध्याकाळी घरी आल्याबरोबर आधी पट्टी बघितली. सकाळची एक गेलेली, बाकी सगळ्या तशाच.

"पोटात आग पडती त्यानं," आप्पा म्हणाले. आता त्यांचं तोंड पुरतं उघडत नव्हतं, शब्द दातांच्या फटीतून येत होते. उपाशीपोटी आग पडणारच, पण गिळता येत नव्हतं म्हणून ते दुपारी जेवलेच नव्हते. हळद आणि तुरटीचा लेप मात्र गालावर लावला होता, बाहेरून.

मी तेव्हा जे बोलले ते आजही मला तसंच्या तसं आठवतं. हातात भाताचं ताट होतं, ते मी त्यांच्यापुढं आदळलं आणि म्हटलं, "मरायचंच असेल तर तसं सांगा, म्हणजे मी रिक्षा आणणार नाही."

आप्पांनी ताट थोडं बाजूला सरकवलं. ईश्वरी वहीतून मान वर करून बघत होती. मी आत निघून गेले.

शनिवारी सकाळी सातला ईश्वरीनंच मला हाक मारली. आई, आप्पा बसूनच झोपलेत, म्हणाली.

आप्पा झोपले नव्हते. बाजेच्या कडेवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, हनुवटी पुढं काढून श्वास घेत होते. हनुवटीपासून गळ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सूज एकसारखी भरून आली होती, मान आणि जबडा वेगळे कळत नव्हते. ओठांच्या फटीतून लाळ टॉवेलवर गळत होती, कारण ती गिळता येत नव्हती. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला. ते काहीतरी म्हणाले. तोंडात गरम घास धरून बोलावं तसा आवाज आला. मला त्यातला एक शब्दही कळला नाही.

मॅडम दहा मिनिटांत स्कूटरवरून आल्या, घरातल्याच साडीवर. आप्पांच्या हनुवटीखाली त्यांनी दोन बोटांनी दाबून बघितलं. मग मला जरा लांब नेऊन हळू आवाजात सांगितलं, की सूज जिभेखाली उतरलीय, जीभ वर आणि मागं ढकलली जातेय. अजून थोडी वाढली तर श्वास बंद होईल. त्यांना आडवं करायचं नाही, बसवूनच न्यायचं. सरळ साताऱ्याला. मी पुढं फोन करते.

रुग्णवाहिकेची वाट बघण्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त गेला असता. रफिकभाई बागवानांनी फळांची गाडी काढली, क्रेट रस्त्यावरच उतरवले. ईश्वरीला भाभींकडं ठेवलं. पुढच्या सीटवर दाराकडं आप्पा, मध्ये मी. पुसेगाव, कोरेगाव, सगळा रस्ता मी त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत होते. पाण्याचा बुडबुडा अडकावा तसा आवाज. गाडी खड्ड्यात आपटली की तो थांबायचा आणि माझाही थांबायचा. कोरेगाव सोडल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, त्यात आप्पांनी मला पहिल्यांदा हात लावला होता. पकडीत सुताराचं बळ होतं. साताऱ्यात पोचेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

दवाखान्यात मॅडमचा फोन पोचला होता. आम्हाला कुणी बसवून ठेवलं नाही. एका तरुण डॉक्टरनी माझ्याकडून माहिती घेतली. वय, आजार, स्प्रिंग कधी बसवली, कुठली गोळी, शेवटची कधी घेतली.

"सुरुवात कशी झाली?"

"घरी दाढ काढली. पकडीनं. गुरुवारी."

"स्वतः?"

"स्वतः."

"तुम्ही काय करता?"

"दातांच्या दवाखान्यात असते मी."

त्यांचं पेन क्षणभर थांबलं. मग ते पुढं लिहायला लागले.

भुलीच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की तोंड एक बोटभरसुद्धा उघडत नाही, त्यामुळं श्वासाची नळी नाकातून घालावी लागेल, तीही पेशंट जागा असताना. नाहीच जमलं तर गळ्याला छेद देऊन. रक्त पातळ असल्यामुळं रक्तस्रावाचा धोका आहे, हृदयाचा धोका आहेच. मुलगा आलाय का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बसमध्ये आहे, पुण्याच्या अलीकडं पोचलाय. त्या म्हणाल्या, तेवढं थांबता येणार नाही.

कागदावर नात्याच्या जागी मी सून लिहिलं आणि खाली सही केली. आमच्या दवाखान्यात असले कागद मीच लोकांपुढं करायचे. इथं सही करा, काही घाबरायचं नाही, म्हणायचे. एवढं सोपं वाटायचं ते.

आप्पांना आत नेताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. टोपी नव्हती डोक्यावर. टोपीशिवाय ते कुणी दुसरेच वाटत होते.

दिगंबर दोन वाजता आले. मला बघून ते पहिलं वाक्य बोलले ते असं, की तू घरात असून एवढं कसं होऊ दिलंस. मी त्यांना म्हटलं, मी घरात नसते, मी दवाखान्यात असते.  संध्याकाळपर्यंत आम्ही बाकावर दोन टोकांना बसून राहिलो.

नळी नाकातून गेली. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी छेद देऊन पू काढला, आत राहिलेली मुळंही काढली, पुढं पू येत राहावा म्हणून रबराचे तुकडे ठेवले. पाच दिवस आप्पा अतिदक्षता विभागात होते. काचेतून दिसायचे. हृदयानं साथ दिली, असं डॉक्टर म्हणाले, आणि अजून काही तास उशीर झाला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं, असंही म्हणाले. हे त्यांनी दिगंबरना सांगितलं, पण दिगंबरनी माझ्याकडं बघितलं.

सहाव्या दिवशी त्यांना साध्या वॉर्डात आणलं. नळी निघाली होती, आवाज बसका झाला होता पण शब्द कळत होते. तोंड बोटभर उघडायचं. दिगंबर औषधं आणायला खाली गेले होते. मी लहान चमच्यानं पेज भरवत होते, खरं तर पेज ओठांच्या फटीत सोडत होते. आप्पा वाचले होते, त्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला होताच, पण त्यानं राग वितळला नव्हता. उलट आता रागवायला मोकळीक झाली होती.

"एकच सांगा मला," मी म्हटलं. "घरापासून दवाखाना पाच मिनिटांवर. मी दिवसभर तिथंच. का आला नाहीत?"

आप्पांनी घोट गिळला. त्याला बराच वेळ लागला.

"आलो हुतो की," ते म्हणाले.

"कधी?"

"सोमवारी. साडेअकरा आसतील."

मला वाटलं, औषधांनी डोकं फिरलंय. मी चमचा भांड्यात ठेवला. आणि मग सोमवार आठवला.

सोमवारी आठवडी बाजार असतो, खेड्यापाड्याची माणसं येतात. बाक भरलेला होता, दोघं जण उभे होते. आत खुर्चीत एक पोरगं किंचाळत होतं. मी कानाला फोन लावून कुणाला तरी वेळ देत होते. दार उघडून आप्पा आत आले होते. सहा वर्षांत ते कधी दवाखान्यात आले नव्हते, आणि त्यांना बघून मला इतकं बरं वाटलं होतं, कारण ईश्वरीची शाळा त्या दिवशी बारालाच सुटणार होती आणि तिला आणायला कुणाला पाठवावं या विवंचनेत मी सकाळपासून होते. फोनवर हात ठेवून मी म्हटलं होतं, आप्पा, आलात ते बरं झालं, ईश्वरीला तेवढं शाळेतून आणता का? त्यांनी मान हलवली होती आणि ते गेले होते. कशाला आला होतात, हे मी विचारलं नव्हतं. तिथंही नाही आणि संध्याकाळी घरी गेल्यावरही नाही. त्याआधी आठवडाभर ते भाकरी दुधात कुस्करून एकाच बाजूनं चावत होते. तेही मी बघितलं होतं. ताट वाढत होते ना मी.

"मग सांगायचं नाही का, दाढ दुखतेय म्हणून?"

"तू फोनवर हुतीस."

"फोन ठेवला असता मी. अहो, मी कामात होते, पण दातांच्याच कामात होते ना."

आप्पा छताकडं बघत होते.  शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको संत्रं सोलत होती, ती कान देऊन ऐकतेय हे मला कळत होतं.

"खरं सांगू का, वैजंता," ते हळू म्हणाले. "तू पोरीला आण म्हणलीस, तवा मला बरं वाटलं. सुटलो म्हटलं."

"कशातून सुटलात?"

"त्या खुर्चीत तोंड वासून पडायचं. आन् तू वरनं बघणार. सुनंपुढं…" त्यांनी हात हलवला. "सगळं काळं झालंय आतून. तीन दात न्हाईत. वास येतोय. तुला रोज लोकांचे वास घ्यायला लागत्यात. म्हटलं घरचाबी कशाला."

मी पेजेचं भांडं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. रडू यायला हवं होतं. मला रागच आला. त्यांचा आला, माझा आला, त्या फोनचा आला, बाराला सुटणाऱ्या शाळेचा आला. एवढ्यासाठी माणूस मरायला निघाला होता आणि एवढ्यासाठी मी गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या.

"मला वास येत नाही," मी म्हटलं. "सवय झालीय."

हे खोटं होतं. वास येतो. मास्कमधूनही येतो.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "शुक्रवारी मी बोलले ते…"

"तू रोजच बोलतीस," आप्पा म्हणाले आणि पेजेसाठी ओठ पुढं केले.

बाराव्या दिवशी त्यांना घरी आणलं. जखमा भरत होत्या, पण जबडा आखडून बसला होता. मॅडमनी उपाय सांगितला. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून पुढच्या दातांत धरायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि दर दोन दिवसांनी एक काडी वाढवायची. असं हळूहळू तोंड उघडेल. शिवाय रोज कुणीतरी आत बघायचं, खड्ड्यात अन्न अडकलं असेल तर धुऊन काढायचं, नाहीतर पुन्हा तेच.

आप्पांना त्या काड्या पसंत पडल्या नाहीत, हलक्या लाकडाच्या आहेत म्हणाले. शेडमध्ये जाऊन त्यांनी सागाच्या पट्ट्या तासल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या, उकळून घेतल्या. दिवसभर शेडमधून रंध्याचा आवाज यायचा आणि तो थांबला की मी समजायचे, आता पट्ट्या तोंडात आहेत. पण तोंड दाखवायला ते तयार नव्हते. चूळ भरतोय की, म्हणायचे. मग मी ईश्वरीच्या हातात बॅटरी देऊन तिला पाठवायला लागले. ती बघून यायची आणि सांगायची, आई, आत लाल आहे. यापलीकडं तिच्याकडून काही कळायचं नाही. मी शेडच्या दाराशी जाऊन बोलायचे, ते पाठ फिरवायचे. एकदा मी म्हटलं, आप्पा, परत सूज आली तर रफिकभाई गाडी देणार नाहीत. देतील, ते म्हणाले. नऊ पट्ट्यांवर गाडी अडली, दहावी काही केल्या बसेना. मॅडम रोज विचारायच्या, कसं आहे आत? मी रोज सांगायचे, लाल आहे.

मध्ये तीन आठवडे गेले असतील. रविवार होता, सकाळचे दहा. मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. ईश्वरी बाहेर खेळत होती. आप्पा शेडमधून आले, कोपऱ्यातलं स्टूल ओढून माझ्यासमोर ठेवलं आणि उजेडाकडं तोंड करून बसले.  मला वाटलं, चहा हवा असेल. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"बघ," ते म्हणाले. उघड्या तोंडानं म्हटल्यामुळं तो शब्द नीट आला नाही.

मी सूप बाजूला ठेवलं, मोरीत जाऊन साबणानं हात धुतले आणि परत आले. ते तसेच बसले होते, दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा धरून. मी त्यांची हनुवटी वर केली. दात तंबाखूनं काळे पडलेले होते, वर तीन जागा रिकाम्या, आणि वास होता. खाली उजवीकडं, शेवटी, हिरडी गुलाबी होऊन जवळजवळ मिटली होती. उरलेल्या खळग्यात पांढरं काहीतरी दिसत होतं.

"शीत अडकलंय," मी म्हटलं. "कालच्या भाताचं."

आप्पांनी डोळे उघडले नाहीत.

"मग काढ की," म्हणाले.